गावाचं पोट कशावर चालायचं, ते आधी विचार

अगं, तुझी यादी वाचली. मे महिन्यात आई-बाबा येणार, त्यांना लंडन, केंब्रिज, शेक्सपिअरचं गाव, लेक डिस्ट्रिक्ट, सगळं दाखवायचं ठरवलंयस. दाखव की. पण यादीत समुद्रकाठचं एकही छोटं गाव नाही, हे मला खटकलं. लीड्समध्ये राहतेस आणि यॉर्कशरचा किनारा सोडून देतेस? म्हणून आज जरा हक्काने बोलते. पटलं तर घे.

या देशात पाण्याकाठची छोटी गावं काही कमी नाहीत. त्यांचे फोटोही सारखेच येतात: रंगीत दारं, होड्या, आइस्क्रीम, सीगल. त्यामुळे दुसऱ्या गावापासूनच कंटाळा येतो. तो येऊ द्यायचा नसेल तर माझं एक ऐक. कुठल्याही बंदरावर उतरलीस की आधी एकच प्रश्न विचारायचा, या गावाचं पोट कशावर चालायचं? उत्तर हाती लागलं की गल्ल्या, पायऱ्या, चर्च, दुकानं, सगळं आपोआप उलगडत जातं. शिकायला व्हिटबीसारखं गाव नाही. तिथे पोटाचे धंदे एकामागून एक बदलले आणि प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवलं.

एस्क नदी समुद्राला मिळते तिथे दोन कड्यांच्या मधे हे गाव वसलंय. पूर्वेच्या कड्यावर मठाचे भग्नावशेष, पश्चिमेच्या कड्यावर हॉटेलं, आणि मधे बोटींना वाट देणारा फिरता पूल. मठाची स्थापना ६५७ सालची. पहिली प्रमुख हिल्ड, एक बाई! तिच्या हाताखाली पुरुष आणि स्त्रिया दोघंही होते. ६६४ मध्ये इथेच धर्मसभा भरली आणि ईस्टरची तारीख रोमच्या पद्धतीने काढायची, असं ठरलं. तिच्याच मठात केडमन नावाचा गुराखी होता, तो इंग्रजीतला नावानिशी माहीत असलेला पहिला कवी. आई मराठीची शिक्षिका, तिला हे आवर्जून सांग. आज दिसतात त्या उंच कमानी मात्र हिल्डच्या काळातल्या नाहीत, त्या कितीतरी नंतरच्या. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद पाडला. १६ डिसेंबर १९१४ला जर्मन युद्धनौकांनी याच किनाऱ्यावर तोफा डागल्या, तेव्हा भिंतींना आणखी खिंडारं पडली.

मठाकडे जायला १९९ पायऱ्या आहेत. आईचे गुडघे तुला माहीत आहेत, तेव्हा हट्ट करू नकोस. मागच्या रस्त्याने वरपर्यंत गाडी जाते, पार्किंगही आहे. बाबांना घेऊन तू पायऱ्या चढ. वारा लागला की थांबा आणि खालची लाल छपरं बघा.

आता पोटाची गोष्ट. यातला पहिला मोठा धंदा ऐकून तुला हसू येईल: तुरटी! लोकरीच्या कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागायची आणि या किनाऱ्याच्या कड्यांमधल्या दगडात तिचं मूळ होतं. दगडाचे ढीग महिनोन्‌महिने भाजायचे, मग पाण्यात मुरवायचे, आणि त्या पाण्यात समुद्री शेवाळाची राख नाहीतर चक्क माणसाचं मूत्र घालायचं. ते पिंपं भरभरून लंडनहूनसुद्धा यायचं. रेव्हन्सकारला अशा एका कारखान्याचे अवशेष आहेत, तो १६५० च्या सुमारास निघून १८६२ पर्यंत चालला. भट्ट्यांना कोळसा लागे, कोळसा आणायला जहाजं लागत, म्हणून व्हिटबीत जहाजं बांधायला लागले. एका धंद्याच्या पोटातून दुसरा धंदा असा निघाला.

आणि त्या दुसऱ्या धंद्यातून निघाला जेम्स कुक. जवळच्या स्टेथ्स गावात १७४५ मध्ये हा पोरगा दुकानात कामाला लागला. दुकानात मन रमेना, म्हणून पुढच्याच वर्षी व्हिटबीच्या जॉन वॉकर या क्वेकर जहाजमालकाकडे उमेदवारीला आला. ग्रेप लेनमधलं वॉकरचं घर आता कुकचं संग्रहालय आहे. उमेदवार पोरं राहायची तो माळाही बघायला मिळतो. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, वेळ हातात ठेव. कुकची एन्डेव्हर, रिझोल्यूशन, अ‍ॅडव्हेंचर, डिस्कव्हरी ही चारही जहाजं व्हिटबीत बांधलेली. एन्डेव्हर तर १७६४ मध्ये कोळसा वाहायला बांधलेली. सपाट बुडाची, पोट मोठं, वाळूवर टेकवली तरी उलटत नाही. म्हणून तर अनोळखी किनाऱ्यांवर ती कामाला आली. कुक गेला त्या किनाऱ्यांवर पुढे साम्राज्य आलं आणि मूळच्या लोकांचे फार हाल झाले, हेही बाबांशी बोल. पुतळ्यासमोर नुसता फोटो काढून निघू नका.

पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान दिसेल. १७५३ पासून १८३७ पर्यंत इथली जहाजं उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात देवमासे मारायला जात. त्यांच्या तेलावर दिवे जळत. आत्ताची हाडं अलास्काहून आलेली, २००३ मध्ये बसवलेली. फोटो काढायला ही जागा नामी आहे, तेवढं झालं की पुढे चला.

बाजारात काळे चमकदार दागिने दिसतील, ते जेट. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड गाळात दडपून हे तयार झालं. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेले, व्हिक्टोरिया राणीने काळे कपडे घातले ते कायमचे, आणि शोकात शोभेल असा दागिना म्हणून जेटला प्रचंड मागणी आली. राणीच्या दुःखावर हजाराहून जास्त कारागिरांच्या चुली पेटल्या! घ्यायचं असेल तर हातात घेऊन बघ. खरं जेट वजनाला अगदी हलकं आणि स्पर्शाला कोमट लागतं. जड आणि गार लागलं तर काच समज. चकाकी नसलेल्या चिनी मातीवर घासलं तर खऱ्या जेटची रेघ तपकिरी उमटते. दुकानदार सचोटीचा असेल तर तोच करून दाखवेल, भीड धरू नकोस.

एक गोष्ट खास आईसाठी. इथल्या खडकांत शंखासारखे वळलेले अ‍ॅमोनाइट सापडतात. हिल्डने सापांचे दगड केले, अशी दंतकथा, आणि पूर्वी लोक त्या दगडांना सापाची तोंडंही कोरून विकायचे. गावाच्या मानचिन्हावरही असे तीन दगड आहेत. आपल्या देवघरातला शाळिग्राम हासुद्धा अ‍ॅमोनाइटच, गंडकी नदीतला. आईला हातात धरायला दे, तिचा चेहरा बघ. मात्र कड्याला हातोडी लावायची नाही आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी बसायचं नाही, वरून दरड कोसळते. वाळूत सुटा पडलेला दगड मिळाला तर उचल.

सगळं गोड गोड सांगणार नाही. या गावाने समुद्राला माणसंही दिलीत. १८६१ च्या फेब्रुवारीत एका वादळाच्या दिवशी लाइफबोटीने पाच वेळा जाऊन लोकांना वाचवलं. सहाव्या फेरीत ती उलटली आणि तेरातले बारा गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण नवीन आलेलं बुचाचं जाकीट त्याच्याच अंगात होतं. पुढे ऑक्टोबर १९१४ मध्ये रोहिला नावाचं इस्पितळ-जहाज गावापासून जवळच खडकावर फुटलं. नाव ओळखीचं वाटलं ना? ते ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, हिंदुस्थानच्या मार्गावरचं. २२९ माणसं होती, ऐंशीहून जास्त बुडाली. वल्ह्यांच्या बोटी हरल्या, शेवटी टाइनमथहून मोटरची लाइफबोट आली तेव्हा उरलेले सुटले. बंदरावर लाइफबोटीचं संग्रहालय आहे. बोटीवर जाणारे बहुतेक सगळे आजही स्वयंसेवक असतात आणि संस्था देणग्यांवर चालते. दोन पौंड पेटीत टाकून ये.

ड्रॅक्युलाचं काय, असं विचारशीलच. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे सुट्टीला आला होता. पाच वर्षं आधी एक रशियन जहाज इथल्या वाळूत रुतलं होतं, ती हकिकत त्याने ऐकली आणि १८९७ च्या कादंबरीत वापरली. लोक अजून चर्चच्या आवारात ड्रॅक्युलाची कबर शोधत फिरतात. कादंबरीतल्या पात्राची कबर कुठली असणार! पण गंमत बघ, तुरटी गेली, देवमासे गेले, जेट ओसरलं, तेव्हा गावाला या गोष्टीने हात दिला. १९९४ पासून काळे कपडे घालणाऱ्या गॉथ मंडळींचा मेळाही भरतो. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, तारखा आधी बघ.

वेळ असेल तर शेजारची दोन गावंही बघून घ्या. स्टेथ्स लहानसं, एका घळीत दडलेलं, लॉरा नाइटसारख्या चित्रकारांनी रंगवलेलं. रॉबिन हूड्स बे मधे उतार भयंकर, आईला वरच बाकावर बसव. खालच्या घरांची दाटी बघितलीस की अठराव्या शतकात इथे चोरटा माल कसा लपत असेल ते कळतं. जानेवारी १८८१ मध्ये इथे एक जहाज बुडत होतं, तेव्हा व्हिटबीची लाइफबोट बर्फातून अठरा घोडे आणि दोनशे माणसांनी ओढत आणली आणि सगळ्या खलाशांना वाचवलं. इथल्या किनाऱ्यावर चालायचं तर भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच. ओहोटी लागली असताना निघायचं, भरतीच्या आत परतायचं. मागे कडा आणि पुढे पाणी, अशी अडकायची जागा आहे ती.

आणि बाबांसाठी एक दिवस हार्टलपूलला दे. गाव दिसायला व्हिटबीइतकं देखणं नाही, पण तिथे ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका आहे. ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधली आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात सोडली. युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून काम मुंबईला गेलं. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सगळ्यात जुनी युद्धनौका म्हणतात ती हीच. आपल्या मुंबईच्या सुतारांचं काम! कठड्यावरून हात फिरवून ये.

आता घरगुती सूचना. मे असला तरी जॅकेट हवंच. स्वच्छ उन्हात अचानक समुद्रावरून धुकं येतं, त्याला तिथले लोक फ्रेट म्हणतात, आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. लीड्स-यॉर्ककडून मूरलँड ओलांडत जाणारी ८४० नंबरची बस घे. २०१८ मध्ये देशातला सगळ्यात निसर्गरम्य बसमार्ग म्हणून तिची निवड झाली होती. खिडकीशेजारी आईला बसव. चिप्स उघड्यावर खाऊ नका, सीगल हातातून नेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यॉर्कशरमध्ये पुष्कळ ठिकाणी मासेच काय, चिप्ससुद्धा गाईच्या चरबीत तळतात. त्यावर ‘बीफ ड्रिपिंग’ असं लिहिलेलं असतं. दुकानात शिरताना आधी विचार. आईने नंतर ऐकलं तर वर्षभर आपलं ऐकून घ्यावं लागेल. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही असतात.

मुक्कामाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. २०२२ मध्ये व्हिटबीकरांनी मतदान घेतलं, नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत म्हणून. मतदान केलेल्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. मत सल्ल्यापुरतंच होतं, पण दुखणं खरं आहे. घरं सुट्टीवाल्यांसाठी विकत घेतली जातात, किमती चढतात, इथल्या पोरांना घर परवडत नाही. तेव्हा आख्खं घर भाड्याने घेण्यापेक्षा जी बाई स्वतः तिथे राहून गेस्ट हाउस चालवते, तिच्याकडे उतर. शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी जा आणि एक रात्र तरी राहा. सहलीची गर्दी संध्याकाळी ओसरते, मग गाव गावकऱ्यांचं होतं आणि माणसं बोलायला मोकळी होतात. त्यांनाच विचार, आता इथे पोट कशावर चालतं. दिवसभर पाहिलेल्या सगळ्याचं उत्तर त्यात मिळेल.

तारीख ठरव, भरतीचं वेळापत्रक बघ आणि मग खोली घे. तुझे भावजी आणि मी यॉर्कला येऊन भेटतो. आईला मात्र अजून काही सांगू नकोस, ती आत्तापासून लाडू करायला बसेल.