वायरविना वीज: अंतर किती, तूट किती?

वायरविना वीज ही जादू नव्हे. फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वावरच ती चालते. एका कॉइलमध्ये एसी करंट सोडला की जवळच्या दुसऱ्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना हे नव्याने सांगायला नको.

मोबाईल ठेवून चार्ज करण्याच्या चकतीत दोन कॉइलमध्ये काही मिलिमीटरचेच अंतर असते, म्हणून काम भागते. अंतर वाढले की तूट वाढते. २००७ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २ मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला. कॉइलपासून कॉइलपर्यंत सुमारे ४० टक्केच वीज पोचली. म्हणजे ६० वॅट मिळवण्यासाठी १५० वॅट सोडायचे, ९० वाया!

लांब पल्ल्यासाठी मायक्रोवेव्ह किंवा लेझरचा झोत लागतो. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज मिळाली. मात्र त्यासाठी २६ मीटर व्यासाची अँटेना वापरावी लागली. २०२५ साली अमेरिकेच्या डार्पा संस्थेने लेझरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॅटहून अधिक वीज ३० सेकंद पोचवली. उडत्या ड्रोनला तार जोडता येत नाही, तिथे अशा खर्चाला अर्थ आहे. दुकानाच्या दिव्याला नाही.

म्हणून असे यंत्र किंवा त्याची एजन्सी घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा, असे आम्ही सुचवतो: अंतर किती? वॅट किती? तूट किती? उत्तर लेखी घ्या, समोर मीटर लावून पाहा. बयाणा त्यानंतरच द्या.