दोन्ही गाऱ्हाणी एकदम सांग

बाय,

२ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांना मानवंदना द्यायला सगळी आळी सिद्धगडाला गेली, तू तेवढी घरी राहिलीस, असं वहिनीने सांगितलं. कारण न विचारता कळलं. पोटात कळ, परसाकडे धाव, वर घटकेघटकेला लघवी. रानात आडोसा तरी किती वेळा शोधणार? यात लाजायचं काही नाही. आरोग्यसेविका म्हणून पाड्यांवर फिरले तेव्हा हे गाऱ्हाणं बायका चुलीपाशीच, तेही कुजबुजत सांगायच्या.

पण पोटासाठी एक डॉक्टर आणि लघवीसाठी दुसरा, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा तुझा कारभार मला पसंत नाही. तुझ्यासारख्या आयबीएसवाल्यांना, म्हणजे चिडखोर आतड्याचा त्रास असणाऱ्यांना, मूत्राशयाचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. गुदाशय आणि मूत्राशय जवळजवळ, दोघांच्या बऱ्याच नसा कमरेखालच्या मणक्यांतूनच जातात. सामाईक भिंतीच्या घरांसारखं आहे ते, एकीकडे भांडण झालं की दुसरीकडे झोप उडते. त्यात शौच साफ झालं नाही की भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. आणि लघवी आवरायच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं! पोटाचं माहीतच नसेल तर लिहून देणारा तरी काय करणार?

मुरबाडहून कल्याणची एसटी धरायची म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीस, ते आधी बंद कर. दाट लघवी मूत्राशयाला झोंबते, मलही कडक होतो. पाणी थोडं थोडं पी, चहा मात्र कमी कर. लघवीची घाई लागली की लगेच धावू नको, जरा दम धर, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढव. पण दिवसभर दाबूनही ठेवू नको.

लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा पीत बसू नको. लघवी तपासून घे, जंतुसंसर्ग आहे की साखर ते कळेल. रक्त दिसलं, ताप आला, वजन उतरलं किंवा पोटदुखीने रात्री जाग येऊ लागली, तर मग आयबीएसच असेल असं धरून चालायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आठवडाभर वहीत लिही: काय खाल्लं-प्यायलं, शौच कधी आणि कसं, लघवी किती वेळा. दोन्ही एकाच पानावर, पाळीची तारीखही टाक. येत्या सोमवारी मी मुरबाडला येते. वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन स्टँडवर थांब, डॉक्टरांकडे दोघी जाऊ.

तुझी,
आत्या