पूर्वजांचे खरे स्मारक

आपल्या पूर्वजांची आठवण ठेवावी ही बुद्धी होणे, हे भाग्याचेच लक्षण आहे. आज गावोगावी संतांच्या नावाच्या कमानी उभ्या राहतात, चौकांना नावे दिली जातात. आमची मुकुंदवाडी हे एके काळी शेताशिवाराचे गाव; आता ते शहरात मिसळून गेले. पण फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली, की अजून पाय पैठणकडेच वळतात. तेव्हा स्मरण करावे कसे, हे नाथमहाराजांनाच विचारू.

नाथांचे पणजोबा भानुदासमहाराज. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, अशी संप्रदायातील कथा आहे. अशा कुळात जन्मलेल्या नाथांनी माउलींचे स्मारक कसे केले बघा. आळंदीस जाऊन त्यांनी समाधिस्थानाचा जीर्णोद्धार केला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शके १२१२ मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी नकलांवर नकला होत होत बिघडली होती. कुठे शब्द पालटले, कुठे कोणी पदरच्या ओव्या घुसडल्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्ये, शुद्ध पाठ सिद्ध केला. पुढे कोणी त्यात भर घालू नये, असेही बजावले. नुसती समाधी उजळली असती, तर माथा टेकायला जागा मिळाली असती. पण माउली बोलली काय, ते कसे कळले असते?

आमच्या मराठवाड्यात ही अक्षरसेवा पुष्कळ झाली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर लांबच लांब कापडावर ग्रंथ लिहिला. तीच त्यांची पासोडी. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपले चरित्र अभंगांत सांगितले. ते कोणीतरी जपले, म्हणून आज आपल्या हाती आहे. पैठणास २०२१ पासून संतपीठही सुरू झाले.

आता आपल्या घराकडे वळू. आजोबा-पणजोबांच्या हातची बाडे माळ्यावर पडून आहेत. अक्षर लागत नाही, काही मोडीत आहे. मग एक तर वाळवी लागते, नाही तर घरची मंडळी ती श्रद्धेने गंगेत सोडतात. भाव शुद्ध, यात शंका नाही. पण एखाद्या अप्रसिद्ध भक्ताचा अभंग त्या एकाच बाडात असला तर? तो पुन्हा कोणाच्या मुखी येणार?

म्हणून भजनी मंडळांस आमची विनंती. कोणाच्या घरी कोणते बाड आहे, याची यादी करावी. शेवटच्या पानावर बहुधा शके व लिहिणाराचे नाव असते, ते उतरून घ्यावे. हल्ली मोबाइल घरोघरी आहे; पानन् पानाचे फोटो काढावेत. बाडास तेल, हळद-कुंकू लावू नये. कोरड्या सुती बासनात बांधावे. मोडी जाणणारास, विद्यापीठातल्या किंवा मराठवाडा साहित्य परिषदेतल्या जाणकारांस दाखवल्यावाचून काही पाण्यात सोडू नये. म्हाताऱ्या मायबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्याही लिहून घ्याव्यात, त्यांचा तर कागदसुद्धा नाही.

कमान जरूर उभारा. मात्र ज्यांचे नाव वर लिहिले, त्यांचा एक तरी अभंग दर एकादशीस खाली बसून म्हणा. येत्या एकादशीपासूनच आरंभ करावा.

रामकृष्ण हरि.