दहावा माणूस

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्यांना तेलाचा लाकडी घाणा चांगला ठाऊक असतो. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल गोल फिरतो, लाट करकरत राहते आणि तिळाचे वा भुईमुगाचे तेल थेंबाथेंबाने खाली उतरते. असेच घाणे पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावरही फिरत असत. परंतु अलिबागच्या आसपासच्या गावांत काही घाणे आठवड्यातून एक दिवस न चुकता थांबत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा बैल सोडला जाई आणि शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत तो पुन्हा जुंपला जात नसे. सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना लोक ‘सोमवार तेली’ म्हणत, आणि शनिवार पाळणाऱ्यांना ‘शनिवार तेली’. हे शनिवार तेली म्हणजेच बेने इस्राएल. धर्माने ते ज्यू आणि भाषेने मराठी.

बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’. त्यांच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेते त्यांनी नवगावलाच पुरली. तेथे त्यांचे स्मारक आहे. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले होते. काळाच्या ओघात हिब्रू भाषाही त्यांच्या विस्मरणात गेली. ते मराठी बोलू लागले. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले आणि कोणी नवगावकर झाले, कोणी केहिमकर, कोणी रोहेकर, तर कोणी पेणकर.

एवढे सारे गेले, तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. शनिवारची विश्रांती, मुलग्यांची सुंता, खवले व पर नसलेले मासे वर्ज्य करणे आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली. पुढे दावीद राहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. त्याने या लोकांच्या स्त्रियांना निरनिराळे मासे रांधण्यास दिले, तेव्हा त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढून ठेवले. त्यावरून त्याने आपले धर्मबांधव ओळखले आणि त्यांना धर्माचे शिक्षण दिले, अशी कथा बेने इस्राएलांच्या घरोघरी सांगितली जाते.

तरीही अनेक शतके त्यांना प्रार्थनामंदिर नव्हते. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिराला ‘सिनेगॉग’ म्हणतात. बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली मुंबईत उभे राहिले. ते उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. मराठीत त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. बंदिवासातून सुटका होऊन सुखरूप परत आल्यावर त्यांनी कृतज्ञतेने हे मंदिर बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’. त्या काळी बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरालाही ‘मशीद’च म्हणत. मुंबईतील मशीद बंदर हे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगतात.

यानंतर इतर ठिकाणीही सिनेगॉग झाली. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८ साली स्थापन झाले आणि १९१० साली नव्याने बांधले गेले. ते ज्या वस्तीत आहे, ती ‘इस्राएल आळी’ म्हणून ओळखली जाते. पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ सालचे, तर ठाण्याचे ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, १८७९ सालचे आहे.

सिनेगॉगमध्ये कोणतीही मूर्ती नसते. जेरुसलेम भारताच्या पश्चिमेस असल्यामुळे येथील भक्त पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करतात. त्याच बाजूच्या भिंतीत ‘हेखाल’ नावाचे पवित्र कपाट असते आणि त्यासमोर अखंड दिवा तेवत असतो. हेखालात ‘सेफेर तोरा’ ठेवलेले असतात. मोशेच्या पाच ग्रंथांची ही चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी होय. एक अक्षर जरी पुसले गेले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनास घेत नाहीत. मंदिराच्या मध्यभागी कठड्याचा एक उंच चौथरा असतो, त्याला ‘तेबा’ म्हणतात. तेथे उभा राहून ‘हझान’ प्रार्थना चालवितो. स्त्रियांसाठी बहुधा वरच्या मजल्यावर सज्जा असतो. भिंतीशी एक मानाची खुर्ची रिकामी ठेवलेली दिसते. ती एलियाहू हन्नबी या प्रेषिताची. आठव्या दिवशी बालकाची सुंता होते, त्या वेळी हा प्रेषित अदृश्य रूपाने तेथे उपस्थित असतो, अशी श्रद्धा आहे.

शुक्रवारी सायंकाळी घरोघरी गृहिणी दिवे लावतात. काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबताचा पेला हाती घेऊन घरातील कर्ता पुरुष आशीर्वचन म्हणतो आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. शनिवारी सकाळी सारे सिनेगॉगमध्ये जमतात. पुरुष मस्तकावर टोपी घालतात आणि गोंड्यांचे उपरणे खांद्यावर घेतात. सेफेर तोरा हेखालातून बाहेर आणले जाते, तेव्हा सर्व उठून उभे राहतात. प्रार्थना हिब्रू भाषेत होते. मात्र ती आटोपली की अंगणात गप्पा रंगतात त्या मराठीतच.

सिनेगॉग हे केवळ प्रार्थनेचे स्थळ नव्हे. जन्म, विवाह व मृत्यू या तिन्ही प्रसंगी समाज येथे एकत्र येतो. पूर्वी मुकादम हा जमातीचा प्रमुख असे. चौगुला त्यास साह्य करी, गबाई हिशेब ठेवी आणि शमाश मंदिराची देखभाल करी. मुकादम आणि चौगुला ही नावे मराठी गावगाड्यातली, तर गबाई आणि शमाश ही हिब्रू परंपरेतली. एकाच अंगणात ती सुखाने नांदली. नवस फेडताना बेने इस्राएल ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून ते एलियाहू हन्नबीचे स्मरण करतात. उपवासाच्या एका दिवसाला ‘बिरड्याचा रोजा’ असे कोकणी चवीचे नाव आहे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडण सणाच्या ग्रंथात हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि त्यातील चित्रांत जमिनीवर बसून सणाच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनेही सुरू झाली. योसेफ आणि मोशे यांची आख्याने साकी-दिंडीच्या चालींवर रंगू लागली.

सिनेगॉगचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांच्या समूहाला ‘मिनयान’ म्हणतात. नऊ जण कितीही विद्वान असले तरी ते पुरे पडत नाहीत, आणि दहावा अगदी साधा मजूर असला तरी त्याच्या येण्याने प्रार्थना पूर्ण होते. ज्याचा पिता निवर्तला आहे, त्या पुत्रालाही पित्यासाठी ‘कद्दीश’ ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. त्याच्या दुःखाशेजारी नऊ जणांनी उभे राहावे लागते.

आज हा दहावा माणूस मिळणे कठीण झाले आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढील दशकांत बहुसंख्य बेने इस्राएल तेथे गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते, तर २०११ च्या जनगणनेत ही संख्या पाच हजारांच्याही खाली आली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. या राज्याने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. गेलेले लोकही मराठी विसरले नाहीत. इस्राएलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

कोकणातील लहान गावांच्या सिनेगॉगमध्ये आता सणासुदीलाच गर्दी होते, आणि तीही मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांमुळे. एरवी पाच-सहा वृद्ध प्रार्थनेचे पुस्तक हाती घेऊन दाराकडे पाहत बसतात. अशा वेळी कोणी परगावचा धर्मबांधव उंबरठ्यावर आला, तर त्याचे नावगाव विचारण्याआधी त्याला मोजले जाते.

ज्या पूर्वजांनी ग्रंथ गमावले, भाषा गमावली, पण आठवड्याचा एक दिवस गमावला नाही, त्यांचेच हे वंशज. घाण्याचा बैल सोडून शनिवार पाळणारा तेली आणि दोन तासांचा प्रवास करून दहावा होण्यासाठी येणारा आजचा माणूस, या दोघांचे व्रत एकच आहे. धर्म ग्रंथांत लिहिलेला असतो हे खरे. परंतु तो टिकतो तो वेळेवर येऊन आपल्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे.

अभ्यास

१. बेने इस्राएलांना ‘शनिवार तेली’ हे नाव कशामुळे मिळाले?
२. ‘दहावा अगदी साधा मजूर असला तरी त्याच्या येण्याने प्रार्थना पूर्ण होते.’ या वाक्यातील भाव स्पष्ट करा.
३. बेने इस्राएलांच्या जीवनात मराठी संस्कृती कशी मिसळली आहे, ते पाठातील उदाहरणे देऊन लिहा.
४. सर्वांनी एकत्र आल्याशिवाय पूर्ण होत नाही, अशी आपल्या गावातील एखादी प्रथा शोधा आणि तिच्याविषयी दहा ओळी लिहा.