गाडीच्या सॉकेटवर ड्रोनची बॅटरी : हिशोब वॉटचा

लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोनवाले गाडीतच बॅटरी चार्ज करतात. मग फवारणीच्या ड्रोनसाठी बांधावर जनरेटर का आणावा लागतो? उत्तर एका सूत्रात आहे.

शक्ती (वॉट) = व्होल्ट × अँपिअर

गाडीचं सॉकेट 12 व्होल्टचं, त्याचा फ्यूज बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा. फ्यूज 10 चा धरला तर 12 × 10 = 120 वॉट. जास्त ओढलं की फ्यूज उडतो.

आता बॅटऱ्या पाहू.

1) डीजेआय मॅविक 2 : 15.4 व्होल्ट × 3.85 अँपिअर-तास = सुमारे 59 वॉट-तास. सॉकेटला हे सहज झेपतं.

2) फवारणीचा ॲग्रास टी30 : 51.8 × 29 = सुमारे 1500 वॉट-तास. 1500 ÷ 120 = साडेबारा तास! म्हणून जनरेटर.

इंजिन बंद असेल तर? गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 12 × 35 = 420 वॉट-तास. मॅविकच्या चार बॅटऱ्या 236 वॉट-तास घेतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. मग आडरानात गाडी स्टार्ट होणं अवघड! इंजिन चालू असलं की अल्टरनेटर भरपाई करतो. मात्र बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, धूर विषारी असतो.

आणि हो, उडून आलेली गरम बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा.

सोडवा : 3.85 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांचे 10 फोन चार्ज करायला किती वॉट-तास लागतील?