केमो संपली, पोर्ट कधी काढायचा?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरून एका भगिनींनी विचारले आहे: स्तनाच्या कर्करोगाची केमो संपली, आता कॉलरबोनखालचा पोर्ट, म्हणजे शिरेतून औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, काढावा का?

निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा. ट्रास्टुझुमॅबसारखी इंजेक्शने चालू असतील किंवा आजार उलटण्याची धास्ती असेल, तर डॉक्टर तो काही काळ ठेवायला सांगतात. मात्र ठेवायचा म्हणजे तो वेळोवेळी ‘फ्लश’ करून घेणे, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून द्रावण सोडून धुऊन घेणे, आलेच. अनेक ठिकाणी चार ते सहा आठवड्यांनी, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. त्यासाठी भाईंदरहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत लोकलचा प्रवास करणाऱ्या बाईला हा हिशेब किरकोळ वाटत नाही.

काढण्याची भीती मात्र बाळगू नये. बहुतेकदा जागा बधिर करून, जुन्याच व्रणावर छेद घेऊन, साधारण अर्ध्या तासात काम होते. दहाच्या नाण्याएवढी डबी कातडीखालून सुटते, मागोमाग बारीक नळी शिरेतून सरकत येते. डॉक्टर ती अखंड आली ना, हे तपासतात आणि शिरेवर काही मिनिटे दाब देतात. वर्षानुवर्षे राहिलेली नळी कधी शिरेला चिकटते. म्हणून गरज संपल्यावर उगाच लांबवू नये, हेच बरे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

पोर्ट असताना थंडी वाजून ताप आला, किंवा हात-मान सुजली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.