मुंबईचा हुतात्मा चौक

मुंबई ही आपल्या महाराष्ट्राची राजधानी. गावची माणसं मुंबईला जातात. समुद्र बघतात, राणीचा बाग बघतात आणि परत येतात. हुतात्मा चौक बघायचा राहून जातो. आम्ही म्हणतो, तो आधी बघावा.

जायचं सोपं आहे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला शेवटच्या स्टेशनवर उतरावं. म्हातारी माणसं त्याला अजून बोरीबंदर म्हणतात. बाहेर दादाभाई नौरोजी मार्ग आहे. त्यानं दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटं चालावं. रस्त्यावरच्या पाट्या आता आपल्याला वाचता येतात. कुणाला विचारायची गरज नाही.

चौकात आधी कारंजं दिसतं. ते इंग्रजांच्या अमलात 1864 साली बांधलं. माथ्यावर फ्लोरा आहे, रोमन लोकांची फुलांची देवी. म्हणून चौकाचं जुनं नाव फ्लोरा फाउंटन. कारंजं देखणं आहे. पण आपण आलो ते शेजारचं स्मारक बघायला. तिथं दोन माणसांचा पुतळा आहे. एक शेतकरी, एक कामगार. हाती मशाल आहे. राजा नाही, पुढारी नाही. आपल्यासारखीच माणसं!

हुतात्मा म्हणजे मोठ्या कामासाठी ज्यानं प्राणांची आहुती दिली तो. हा शब्द मुरगूडला नवा नाही. आपले तुकाराम भारमल 1942 साली गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात गेले. त्यांच्या नावाचं वाचनालय गावात आहे.

मुंबईतले हुतात्मे कशासाठी गेले? मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्यात असावी, ही लोकांची मागणी होती. सरकार मुंबई वेगळी ठेवू बघत होतं. 21 नोव्हेंबर 1955 ला कामगारांनी संप केला. मोर्चा विधानसभेकडे निघाला. या चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 15 माणसं मेली. जानेवारी 1956 मध्ये मुंबई दिल्लीच्या ताब्यात राहणार असं जाहीर झालं. पुन्हा लोक रस्त्यावर आले, पुन्हा गोळीबार झाला. त्यात कितीतरी जास्त माणसं गेली. लोकांच्या तोंडी 105 हा आकडा आहे. पुढं तो 106, 107 असाही सांगू लागले.

शेवटी 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसह. दर 1 मे ला आणि 21 नोव्हेंबरला या स्मारकावर फुलं वाहतात.

हुतात्म्यांच्या यादीत कोल्हापूरचे शंकरराव तोरस्कर आहेत. कोल्हापुरातला तोरस्कर चौक त्यांच्याच नावाचा. निपाणीच्या कमलाबाई मोहितेही यादीत आहेत. निपाणी आपल्याला किती जवळ! आपला बाजार तिकडं, सोयरीक तिकडं. पण 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्या राज्याला आता कर्नाटक म्हणतात. सीमेवरच्या गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला. कमलाबाईंचं गाव अजून पलीकडंच आहे.